तक्रार नसलेला माणूस

संगिता नेमकं काय काम करते हे पुसेगावात कुणालाच धड सांगता येत नाही. तिच्या आईला विचारा, ती म्हणते, "माणसं निवडती." तांदूळ निवडल्यासारखं! वडील त्यातल्या त्यात शिकलेले, ते सांगतात, "परदेशी कंपनीत साहेब हाय." अहो, कंपनी नाही ती, संस्था आहे. मुख्य ऑफिस जिनिव्हाला, त्याच्या खाली दिल्ली, आणि दिल्लीच्या खाली आमचं हिंगोलीचं, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिथं जिना चढताना फिनेलच्या वासानं डोकं उठतं. साहेब म्हणावं तर एक टेबल आणि एक करकरणारी खुर्ची सोडून तिला साहेबी असं काही मिळालेलं नाही. ती आमची एचआर ऑफिसर. माणसं नोकरीवर घ्यायची, त्यांचे करार करायचे, रजा बघायच्या, भांडणं मिटवायची आणि वेळ आली की एखाद्याला घरी पाठवायचं, हे तिचं काम. मी जाहेदा, हिशोब बघते. आमची टेबलं एकमेकींना लागून आहेत, त्यामुळं तिचं अर्धं काम माझ्या कानावरून जातं. आणि मला तोंड आवरत नाही, हे हिंगोलीत अर्ध्या लोकांना माहीत आहे.

मीटिंग सुरू झाली की पडद्यावर नैरोबीची एक हसरी बाई, जिनिव्हाचा दाढीवाला, दिल्लीचे साहेब, आणि खाली कोपऱ्यात आमची संगिता, मागं भिंतीवर पाल. लाईट गेली की ती गायब. लाईट आली की 'सॉरी' म्हणून जिथं थांबली होती तिथूनच पुढं. तिचं इंग्रजी पुसेगावच्या वळणाचं आहे, पण न कळलेल्या गोष्टीला तिनं 'येस' म्हणलंय असं मी एकदाही पाहिलेलं नाही. सरळ विचारते, "परत सांगा, कळलं नाही." माझ्यासारखी असती तर मान हलवून मोकळी झाली असती. बरं, खोटं बोलणं तर तिच्या जिवावर येतं. माझ्या भाच्याचा अर्ज नाकारला तेव्हा मला तोंडावर म्हणाली, "आपा, तुमचा सलमान कामाला आळशी आहे." मी आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आळशी आहेच तो, पण सांगायचं असतं का असं?

आता रेफरन्सचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. नवीन माणूस घ्यायचा तर तो आधी जिथं होता तिथल्या लोकांना विचारायचं, माणूस कसा आहे. जिनिव्हाकडं म्हणे फोन केला की समोरचा खरं ते सांगतो. आमच्याकडं कोण सांगणार? एखाद्याला नोकरी लागून राहिली आणि आपण त्यात खोडा घालायचा? कुणाच्या पोटावर पाय द्यायचा? छे छे! दारू पिऊन मोटारसायकल विहिरीत घातलेला असला तरी लोक सांगतील, "मनमिळाऊ पोरगं हाय." चोऱ्या करणारा असला तर "लई हुशार हाय." याला मी वाईट म्हणत नाही, मी पण हेच करत आले. शेजारच्या माणसाचं भलं होत असेल तर आपण तोंड उघडू नये, असंच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

म्हणून संगिता फोन करत नाही. ती स्वतः जाते. चहा घेते, बसते आणि तक्रारीची वाट बघते. तिचं म्हणणं असं, की आपल्याकडं ज्याच्यावर जीव असतो त्याला माणूस शिव्या घालतो. माझ्यासाठी ती मोंढ्यात माझ्या जुन्या हळदीच्या सेठकडं गेली होती. सेठनं चहा मागवला आणि माझा उद्धार सुरू केला. "जीभ हाय का कातर? गिऱ्हाइकासमोर मला बोलती. हिशोब जुळंना तर मला घरी जाऊ देईना, म्हणती बसा इथंच. रोजे असले की तर जवळ जायची सोय न्हाई." असं बराच वेळ चाललं, आणि शेवटी डोळे पुसत विचारलं म्हणे, "खरंच घेऊन जाता का तिला?" मला त्याच दिवशी नोकरी लागली. आमचे ड्रायव्हर चाँद पाशा, त्यांच्या आधीच्या मालकानं तर त्यांना इतकं बोललं की ऐकणाऱ्याला वाटावं खून केलाय यांनी. आज इतकी वर्षं झाली, चाँदभाईंच्या गाडीत मी डोळे मिटून बसते.

पण नुसतंच गोड आलं, एकही तक्रार आली नाही, की संगिताला घास जात नाही. डबा उघडा ठेवून खिडकीबाहेर बघत बसते. यंदा तिचं तसंच झालं होतं.

दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातल्या किती गावांतली माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडं निघतात. लेकरंही बरोबर जातात, शाळा सुटते ती सुटतेच. यंदा आमच्या संस्थेनं जवळा बाजारच्या बाहेर एक रिकामी इमारत घेऊन हंगामी वसतिगृह करायचं ठरवलं, आईबाप परत येईपर्यंत लेकरांनी तिथं राहायचं, शाळेत जायचं. पलंग आले, ताटं आली, मुलींच्या खोल्यांना मी स्वतः पडदे निवडले. अडलं ते एका माणसावर. रात्रंदिवस लेकरांजवळ राहील असा अधीक्षक मिळेना, आणि अधीक्षकाशिवाय वसतिगृह उघडायचं नाही, हा जिनिव्हाचा नियम. आया ऑफिसात येऊन जिन्यात बसायच्या. "मॅडम, मुकादम गाडी घेऊन येईल, त्याच्या आत सांगा. लेकरं ठिवायची का संगं न्यायची?"

अशात वैजनाथ सरांचा अर्ज आला. पांढरा शर्ट, कपाळाला बारीक गंध, बोलणं असं की कानाला तेल लावल्यासारखं वाटावं. सेनगावच्या पुढं एका गावात (नाव सांगत नाही, तिथं मला अजून जायचं असतं) अशाच एका लहान वसतिगृहाचे ते अधीक्षक होते. ते वसतिगृह यंदा बंद झालेलं. मुलाखतीत आमच्या सगळ्यांवर त्यांनी छाप पाडली. बाकीचे उमेदवार पगार विचारतात, सुट्ट्या विचारतात. यांनी पगाराचं अक्षर काढलं नाही. एकच विचारलं, "मधल्या काळात आईबाप भेटायला येतात का हो लेकरांना?"

संगिता म्हणाली, "नाही जमत त्यांना. लांब असतात."

"अरेरे," सर म्हणाले.

मला तर तेव्हा भरून आलं. म्हणलं, बघा, किती माया! संगिता मात्र त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांची तिन्ही रेफरन्सची माणसं फोनवर एकसुरात बोलली, देवमाणूस. तक्रार? एकही नाही. त्या दिवशी तिचा डबा तसाच घरी गेला.

मीटिंगमध्ये दिल्लीच्या साहेबांनी विचारलं, नेमणुकीची ऑर्डर का अडवली. संगिता म्हणाली, "सर, याच्याबद्दल कुणाचीच काही तक्रार नाही." साहेब हसले. "तो संगिता जी, अच्छा होने की सज़ा देंगे क्या उसको?" नैरोबीची बाईपण हसली. साहेब शेवटी म्हणाले, नुसतं मनाला वाटतं म्हणून माणूस नाकारणं हा अन्याय आहे, उद्या संध्याकाळपर्यंत काही ठोस कारण आलं नाही तर मी ऑर्डर काढतो. आणि खरं सांगायचं तर मी साहेबांच्या बाजूची होते. मीटिंग संपल्यावर मी तिला झापलं, "बाहेर जिन्यात आया बसल्यात, आणि तू माणसाच्या चांगुलपणात खोट काढून राहिलीस!"

ती म्हणाली, "आपा, चला माझ्यासोबत उद्या. तुम्हीच ऐका."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. चाँदभाईंनी गाडी ग्रामपंचायतीसमोर लावली. आम्ही उतरतो न उतरतो तोच चहा आला. आम्ही मागवला नव्हता. हॉटेलवाला पैसे घेईना, म्हणाला, "तुमची गाडी आलेली बघून बरं वाटलं." मला ते आवडलं, पण कुठंतरी खटकलंही. अनोळखी गाडी बघून आमच्याकडं कुणाला बरं वाटत नाही, वसुलीवाले आले का बघतात.

मग माणिकराव आले. ते बंद पडलेलं वसतिगृह ज्या मंडळाचं होतं त्याचे ते अध्यक्ष, गावात त्यांचा शब्द चालतो. आम्हाला घरी नेलं, पोहे दिले, मोबाईलवर फोटो दाखवला. वैजनाथ सरांना शाल घातलेली, हातात नारळ. गावानं निरोप दिला म्हणे, थाटात, पण नवी नोकरी लागेपर्यंत सर अजून गावातच राहत होते.

संगितानं विचारलं, "सर रागीट आहेत का?"

"छ्या! आवाज न्हाई कधी."

"स्वैपाकाला नावं ठेवतात? उशिरा उठतात? कुणाकडं उसनं-पासनं?"

"काही म्हणजे काही न्हाई. देवमाणूस." माणिकरावांनी पोह्यांची ताटली तिच्याकडं सरकवली. "मग कधी घेऊन जाता?"

तिथून शाळेत गेलो. मास्तर म्हणाले, "देवमाणूस. कधी रुजू करून घेता?" दुकानदार म्हणाला, "देवमाणूस. या सोमवारी झालं तर बरं." पिठाच्या गिरणीवर दोन माणसं होती, तीही तेच बोलली. सगळे हसत होते, आणि आम्ही पुढं सरकलो की हसू तिथंच संपत होतं, मी दोनदा मागं वळून बघितलं. माझ्या सेठनं मला सोडताना डोळे पुसले होते. हे लोक, माणूस कधी जातो, याची वाट बघून राहिले होते! लाथा मारणारी म्हैस बाजारात नेली की धनी असाच बोलतो, गरीब हाय, लेकराला बी दूध देती.

मी संगिताचा दंड धरला. म्हणलं, "हे त्याची शिफारस नाही करून राहिले. हे त्याला गावाबाहेर काढून राहिलेत."

"हो," ती म्हणाली. "भांडण नाही, पोलीस नाही, कुणाच्या घराचं नाव नाही. शाल घालायची आणि दुसऱ्या गावाला द्यायचा."

"पण काहून? केलं काय त्यानं?"

तिनं नुसतं रस्त्यानं जाणाऱ्या दोन पोरींकडं बघितलं. मलाही कळलं होतं, पण जीभ वळेना. माझ्या जिभेची ही पहिलीच वेळ. त्या पडद्यांचा रंग मला सारखा आठवत होता.

आम्ही परत माणिकरावांकडं गेलो. संगितानं सहज विचारलं, वसतिगृहात स्वैपाकाला कोण होतं. माणिकरावांचं हसू गेलं. "पार्वतीबाई. पण तिच्याकडं जाऊन फायदा न्हाई. डोकं ठिकाणावर नसतंय तिचं." आणि कपाळाजवळ बोट फिरवून दाखवलं. आम्ही लगेच उठलो.

पार्वतीबाईंचं घर गावाच्या टोकाला. म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. आत, दाराच्या आड एक मुलगी उभी होती, दहा-अकराची असेल. नात. आईबाप पुण्याकडं बांधकामावर, म्हणून पोरगी आजीजवळ, आणि आजी वसतिगृहात स्वैपाकाला असताना तीही तिथंच राहायची. आमचा आवाज ऐकून ती पुढं आली नाही. एरवी लेकरं पाहुणे आले की डोकावतात, पळतात, हसतात. ही जागची हलली नाही.

संगिता खाली बसली आणि शेंगा फोडायला लागली. नाव सांगितलं, काम सांगितलं, विचारलं, "मावशी, वैजनाथ सर कसे होते?"

"चांगला हाय. घेऊन जा," म्हातारी म्हणाली. वर बघितलं नाही.

मी काही बोलायला गेले तर संगितानं माझ्याकडं बघून मान हलवली. मग पार्वतीबाईंनीच विचारलं, "तुमच्या तिकडं पोरी बी हायेत का?"

"आहेत."

म्हातारीचे हात थांबले. तिनं आत दाराकडं बघितलं, मग संगिताकडं. तोंड उघडलं. आणि त्याच क्षणाला आमच्या संगिता मॅडम काय म्हणाल्या? "मावशी, थांबा. तुम्ही बोलायच्या आधी मला एक सांगू द्या. लेकराला तकलीफ दिल्याची गोष्ट कानावर आली, की ती मला माझ्यापाशी ठेवता येत नाही. पोलिसांना सांगावंच लागतं, कायदा आहे. पोरीचं नाव पेपरात येत नाही, पण गोष्ट पुढं जाते. हे आधी माहीत असू द्या, मग बोला."

म्हातारीचं तोंड मिटलं. "पोलीस?" ती उठली, पदरातल्या शेंगा खाली सांडल्या. "न्हाई बाई. चांगला हाय त्यो. देवमाणूस हाय." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचाही आवाज आला.

बोळातनं चालताना मी संगिताला काय काय बोलले ते मला आता सांगवत नाही. "दोन मिनिटं गप बसायला काय झालं होतं तुला? ओठावर आलं होतं तिच्या! संध्याकाळी ऑर्डर निघंल. आता त्या लेकरांना कोण वाचवणार, तुझा नियम?"

"मग काय करू आपा? फसवून काढून घेऊ तिच्याकडून? उद्या पोलीस दारात आले असते आणि तिला वाटलं असतं, या बाईनं शेंगा फोडत बसून माझा गळा कापला. याच गावात राहायचंय तिला."

"आणि तिकडच्या पोरी?"

ती भिंतीला धरून थांबली, मागं म्हातारीच्या दाराकडं एकदा बघितलं आणि परत चालायला लागली. मला तिचा राग पण येत होता आणि तिला पोटाशी धरावंसं पण वाटत होतं.

ग्रामपंचायतीसमोर आलो तर गाडीभोवती माणसं. चाँदभाई बाहेर उभे, तोंड पडलेलं. "मॅडम, मैं क्या करूँ, माणिकराव बोले छोड़ दो, वो बैठ गए." गाडीत मधल्या सीटवर वैजनाथ सर बसलेले. मांडीवर बॅग, पांढरा शर्ट, गंध. आमच्याकडं मोकळी सीट असली आणि कुणी म्हणलं सोडा, तर नाही म्हणता येत नाही. चाँदभाईंना कशाला बोलू?

सर खिडकीतून हसले. "माझ्यापायी तकलीफ घेतलीत मॅडम. आधी सांगितलं असतं तर मी सगळ्यांना घरीच थांबायला सांगितलं असतं. पार्वतीबाईकडं बी गेला होतात म्हणे. बिचारी." मग बॅग नीट केली. "मी हिंगोलीहून पुढं जवळा बाजारला जातो. आजच खोल्या बघून घेतो. लेकरं यायच्या आधी सगळं लावून ठिवावं."

संगिता दाराला हात लावून उभी राहिली, आत बसेना. "सर, तुम्ही उतरा. संस्थेच्या गाडीत बाहेरच्या माणसाला बसवता येत नाही."

"आता मी बाहेरचा कुठं राहिलो?"

माणसं हसली. माणिकराव म्हणाले, "बसू द्या हो मॅडम. तुमचाच माणूस." ती तशीच उभी. मला दिसत होतं, तिच्या हातात काही नाही. साक्ष नाही, शब्द नाही, कारण नाही. संध्याकाळ झाली की दिल्लीहून ऑर्डर निघणार आणि हा माणूस त्या खोल्यांच्या चाव्या घेणार. मी मनातल्या मनात अल्लाला बोलवलं.

तेवढ्यात पार्वतीबाई आल्या. अनवाणी, पदर डोक्यावरून पडलेला. मागं बऱ्याच अंतरावर ती पोरगी, भिंतीला चिकटून. आम्ही गेल्यावर म्हातारी बहुतेक दार उघडून बोळाच्या तोंडापर्यंत आमच्या मागं आली असावी, आणि गाडीत कोण बसलंय ते तिला दिसलं.

"उतरवा त्याला," ती म्हणाली.

माणिकराव पुढं झाले. "पार्वतीबाई, घरी जा."

"तुमी गप बसा! शाल तुमी घातली त्याला. मी बी गप बसले, म्हणलं जाऊ द्या, आपलं गाव सुटलं. तिकडं बी पोरी हायेत म्हणती ही बाई. माझी आरोही झोपेत वरडून उठती, हिच्या आईला अजून मी सांगितलं न्हाई. कुठल्या तोंडानं सांगू? मी तिथंच भाकरी थापत होते." मग ती संगिताकडं वळली. "बाई, तुमी म्हणला गोष्ट पुढं जाती. जाऊ द्या. तुमी आधी सांगितलं म्हणून आले मी. न्हाई तर नसते आले."

वैजनाथ सर अजून हसतच होते, पण ते हसू आता तोंडावर नुसतं अडकून राहिलं होतं. ते गाडीतून खाली उतरले आणि माणसांकडं बघून म्हणाले, "अहो, सांगा ना कुणी तरी. मी कसा हाय ते सांगा मॅडमना."

मास्तर तिथं होते. दुकानदार होता. गिरणीवरची दोघं होती. सकाळपासून ज्यांनी ज्यांनी आम्हाला देवमाणूस म्हणून सांगितलं, ते सगळे होते. मास्तरांनी खाली बघितलं. हॉटेलवाला आत निघून गेला. कुणाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. खुद्द माणिकरावांनी मोबाईल काढला आणि उगाच त्यात बघत बसले.

संगितानं सरांची बॅग सीटवरून उचलून खाली जमिनीवर ठेवली. पार्वतीबाईंना पुढं बसवलं. मग भिंतीपाशी गेली, पोरीच्या समोर उकिडवी बसली, काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. पोरगी तिच्यासोबत आली आणि आमच्या दोघींच्या मधे बसली. चाँदभाईंनी गाडी काढली.

गावाबाहेर रेंज आल्यावर संगितानं दिल्लीला फोन लावला. "सर, ऑर्डर काढू नका. मी पोलीस ठाण्यात चाललेय. बाकीचं नंतर सांगते." आणि त्यांचं ऐकून न घेता फोन बंद केला. वसतिगृह आता वेळेत उघडणार नव्हतं, जिन्यातल्या आयांना तेही तिलाच सांगायचं होतं. पुढच्या सीटवर म्हातारी स्वतःशीच बोलत होती, आता या गावात आपल्याला कोण पाणी देईल, कोण नाही.

पोरगी पहिल्यांदा बोलली ती तेव्हा. "त्यो मागून येऊन राहिला का?"

मी तिचा हात हातात घेतला आणि पटकन म्हणलं, "न्हाई गं माय, कसा येईल?" तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. संगितानं मात्र पूर्ण मागं वळून काचेतून रस्ता बघितला, नीट बघितला, आणि मग म्हणाली, "नाही."

जरा वेळानं पोरीनं परत विचारलं. संगितानं परत वळून बघितलं. "नाही." असं चाललं होतं. दर वेळी ती 'नाही' म्हणली की त्या लेकराचा खांदा माझ्या खांद्याला जरासा सैल पडायचा.

एका वळणानंतर पोरीनं विचारलं, तेव्हा संगिताचं उत्तर लवकर येईना. मी पण वळले. मागं धुळीत दोन मोटारसायकली होत्या. पुढची माणिकरावांची, आणि तिच्यावर त्यांच्या पाठीमागं बसलेला पांढरा शर्ट.

मी तिला डोळ्यांनी खुणावलं, सांगू नको, लेकरू आहे. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

"हो," संगिता म्हणाली. "येऊन राहिलाय. पण तो मागं आहे आणि आपण पुढं आहोत. मी बघत राहते. चाँदभाई, कुठंच थांबू नका."

पोरीनं माझ्या हातातला हात काढून घेतला आणि तिचा धरला. पोलीस ठाणं यायला अजून वेळ होता. संगिता तशीच मागं वळून बसली, मान अवघडली तरी, आणि पोरीनं परत एकदाही विचारलं नाही.